वंशावळीत न लिहिलेला वारसा

इंदूर शहरात कान्ह नदीच्या काठी लालबाग नावाचा जो राजवाडा उभा आहे, त्याचे बांधकाम १८८६ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे, टप्प्याटप्प्याने चालले होते. दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या वेळी कामास आरंभ झाला, शिवाजीरावांनी ते पुढे चालविले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून आणलेले लोखंडी फाटक, त्यावर होळकरांचे राज्यचिन्ह आणि यत्न करणाऱ्यालाच यश लाभते अशा अर्थाचे संस्कृत बोधवाक्य, आत संगमरवरी फरशी आणि झुंबरे, असे या वाड्याचे रूप आहे. आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांचा हात एका वास्तूला लागलेला पाहून कोणाच्याही मनात ‘वारसा’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही.

परंतु होळकरांची वंशावळ जो बारकाईने वाचील त्याच्या ध्यानात एक गोष्ट येईल. गादीचा वारसा आणि रक्ताचा वारसा हे या घराण्यात अनेकदा वेगवेगळ्या वाटांनी गेलेले आहेत. संस्थापक मल्हारराव यांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले आणि नातू मालेराव १७६७ साली वारले. पुढे १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य सांभाळले. त्यांच्या पश्चात सूत्रे ज्यांच्या हाती गेली ते तुकोजी होळकर मल्हाररावांचे पुत्रही नव्हते आणि नातूही नव्हते. दुसरे मल्हारराव १८३३ साली निपुत्रिक वारले तेव्हा मार्तंडरावांना दत्तक घेण्यात आले. ते टिकले नाहीत, हरिराव गादीवर आले. हरिरावांनी खंडेरावांना दत्तक घेतले, आणि १८४४ साली तेही वारले तेव्हा लहान वयाच्या दुसऱ्या तुकोजीरावांची निवड करून त्यांना गादीवर बसविण्यात आले. लालबागेचा आरंभ ज्यांच्या वेळी झाला, ते स्वतः निवडीने आलेले वारस होते.

धर्मशास्त्राला आणि कायद्याला दत्तक मान्य आहे. शरीराला तो ठाऊक नाही. दत्तकविधीने गोत्र बदलते, नाव बदलते, इस्टेट मिळते. पण जन्मदात्या आईबापांकडून आलेले जे काही पेशीत असते ते जसेच्या तसे राहते. कागदावरच्या वंशावळीचा आणखी एक विशेष असा की, ती पुरुषांच्या नावांनी पुढे सरकते. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की माहेरच्या वंशावळीत तिची रेघ थांबते, आणि सासरच्या वंशावळीत तिच्या आईचे नाव येत नाही. शरीराची वंशावळ याच्या उलट आहे. ती आई आणि बाप या दोघांकडूनही निम्मे निम्मे घेते. एखाद्या कुटुंबात आई आतड्याच्या दुखण्याने गेली, काही वर्षांनी मामा गेला आणि मग ऐन चाळिशीत भाचीलाही तेच दुखणे जडले, तर तो निव्वळ योगायोग की वारसा, हा प्रश्न कागदी वंशावळीपुढे ठेवला तर उत्तर मिळणार नाही, कारण त्या तिघांची नावे एका कागदावर येतच नाहीत.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत व्याधींचे वर्गीकरण करताना शुक्र आणि शोणित यांच्या दोषांतून येणारा एक स्वतंत्र वर्ग मानलेला आहे, आणि त्याचे मातृज व पितृज असे दोन पोटभेद सांगितले आहेत. उदाहरणांमध्ये अर्श म्हणजे मूळव्याध हिचा उल्लेख आहे. चरकसंहितेत तर अर्शाचेच दोन प्रकार केले आहेत. एक ‘सहज’, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा जन्मानंतर केव्हातरी उद्भवणारा. सहज प्रकाराचे कारण म्हणून गुदाच्या वळ्या ज्यापासून घडतात त्या बीजाच्या भागातील बिघाड दाखविला आहे. मूळव्याध आणि कर्करोग हे भिन्न विकार होत, आणि प्राचीनांना आजचे जनुकशास्त्र अवगत होते असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि एकाच जागेच्या, एकाच रूपाच्या विकाराची दोन मुळे असू शकतात, आणि बीजाचा दोष आईकडूनही येतो व बापाकडूनही येतो, या दोन गोष्टी त्यांनी स्पष्टपणे मांडल्या होत्या. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाबाबत आधुनिक वैद्यकाला त्याच दोन गोष्टींपर्यंत पोचण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक भाग खर्ची घालावा लागला.

आज सर्वसाधारण हिशेब असा मांडला जातो. या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जणांच्या घराण्यात त्याचा मागमूस नसतो. मराठेशाहीत स्वतःच्या घोड्यानिशी एकटाच चाकरीला येणारा तो एकांडा शिलेदार. त्याच्याप्रमाणे हा रोग एकट्याने येतो, म्हणून त्याला एकांडा कर्करोग म्हणावयास हरकत नाही. २० ते २५ जणांच्या नात्यात आणखी कोणाला तरी तो झालेला आढळतो, पण त्याचा वारसा नेमक्या एका जनुकापर्यंत नेऊन भिडविता येत नाही. उरलेल्या सुमारे ५ जणांचा रोग मात्र खराखुरा आनुवंशिक असतो. हे ५ थोडे वाटतात. परंतु त्यांच्यातील प्रत्येकामागे भाऊ, बहिणी, मुले आणि पुतण्या-भाच्यांचा गोतावळा असतो, आणि ज्यांना अद्याप काहीच झालेले नाही अशांना वाचविण्याची संधी असते ती येथेच.

या ५ जणांचा शोध ज्या गोष्टीपासून सुरू झाला ती घडली १८९५ साली, अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात. तेथे ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री एकदा खिन्न दिसली. कारण विचारता ती म्हणाली की, आपल्या घरातील माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने मरतात, आणि आपणही तशाच मरणार. तिचे म्हणणे खरे ठरले. गर्भाशयाच्या कर्करोगाने ती अकाली वारली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे बायकी भय म्हणून झटकून टाकले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ काढली, आणि तीही मुलींच्या शाखांसह. १९१३ साली ती ‘जी’ या आद्याक्षराच्या नावाने प्रसिद्ध झाली. कर्करोगाने पछाडलेल्या एका आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने दगावले होते किंवा त्यांच्यावर त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. वैद्यकाच्या इतिहासात एवढी मोलाची ठरलेली ही वंशावळ कोणा बखरकाराच्या नव्हे, तर नातेवाइकांची दुखणी लक्षात ठेवणाऱ्या एका शिंपीण बाईच्या स्मरणातून उतरली.

याच सुमारास लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात दुसऱ्या एका घराणेदार विकाराची नोंद होऊ लागली. त्यात तरुण वयातच मोठ्या आतड्याच्या आतील आवरणावर शेकडो, कधी हजारो, लहान लहान गाठी उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतील एखाद्या तरी गाठीचा पुढे कर्करोग होतो, आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास तो बहुधा गाठतोच. शस्त्रवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ साली अशा तीन कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. कथबर्ट ड्यूक्स आणि त्यांचे सहायक बसी यांनी त्या रुग्णालयात अशा कुटुंबांची नोंदवही दशकानुदशके चिकाटीने चालविली. या विकारात डोळ्यांना दिसणारी खूण असल्यामुळे त्याची आनुवंशिकता फारशी कोणी नाकारली नाही. वॉर्थिन यांच्या घराण्यात मात्र तशी खूण नव्हती. आतड्यात गाठी थोड्याच असत, आणि रोग दिसे तो कोणत्याही एकांड्या रोगासारखाच. म्हणून त्यांचा शोध पुष्कळ वर्षे विस्मृतीत पडला.

तो विस्मृतीत पडण्याचे दुसरेही एक कारण होते, आणि ते समजून घेतल्यास आपल्याकडचे एक मोठे काम नजरेसमोर येते. १८९५ हेच डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे जन्मवर्ष. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळेतून खानोलकरांनी भारतातील कर्करोगाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग अधिक का आढळतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ज्या देशात लग्ने जातीच्या आतच होत आली, तेथे याचे उत्तर ‘रक्त’ असे देणे अगदी सोपे होते. खानोलकरांनी ते सोपे उत्तर पत्करले नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला आणि तंबाखू खाण्या-ओढण्याच्या सवयीशी त्या रोगाचे नाते दाखविले. कमरेला घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या काचाने त्याच ठिकाणी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचेही वर्णन त्यांनी केले. डॉ. संघवी यांच्यासह १९४९ साली मुंबईतील सहा जातिसमूहांच्या रक्तगटादी आनुवंशिक लक्षणांचा अभ्यासही त्यांनी प्रसिद्ध केला. म्हणजे आनुवंशिकतेकडे त्यांनी पाठ फिरविली नव्हती. पण जमातीजमातींतील कर्करोगाच्या फरकाचे ओझे त्यांनी प्रामुख्याने चालीरीतींवर टाकले, आणि ते योग्यच होते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबतही पुढील पुरावा त्याच दिशेचा मिळाला. मुंबईत १९६३ च्या सुमारास कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सुरू झाली, बार्शीच्या ग्रामीण भागात ती १९८७ साली सुरू झाली. या रोगाचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कितीतरी कमी आहे, आणि खेड्यात ते शहरापेक्षाही कमी आहे, असे या नोंदींतून दिसले. जपान सोडून हवाई बेटांत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत तो एकदोन पिढ्यांतच वाढलेला आढळला. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. अन्न, देहाचे वजन आणि कामाची तऱ्हा बदलते. युगांडात काम केलेले शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी १९७१ साली चोथायुक्त अन्नाचा मुद्दा जगापुढे मांडला. मद्य, तंबाखू, लठ्ठपणा, बैठे जीवन आणि प्रक्रिया केलेले मांस यांचा दोष पुढील संशोधनाने पक्का केला. १०० पैकी ७० एकांड्या रुग्णांचे मूळ बऱ्याच अंशी या मातीत आहे, आणि जोडीला वाढते वय व निव्वळ दैवगती हीही आहेतच.

मात्र एक उत्तर बरोबर ठरले की दुसरे चूक असलेच पाहिजे, अशी समजूत शास्त्रातही बळावते. अमेरिकेतील ओमाहा येथे १९६२ साली हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना एक रुग्ण भेटला. घरातील सारी माणसे कर्करोगाने मेली, आपणही तसेच मरणार, या धास्तीने तो दारूच्या आहारी गेला होता. लिंच यांनी त्याचे घराणे तपासले आणि १९६६ साली अशा दोन मोठ्या घराण्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कर्करोग म्हणजे परिस्थितीचा परिणाम असे मानणाऱ्या त्या काळात त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. संशोधनासाठी मागितलेले पैसेही त्यांना मिळेनात. तरी वॉर्थिन यांच्या ‘जी’ घराण्याची कागदपत्रे हाती घेऊन त्यांनी १९७१ साली ती वंशावळ अद्ययावत केली. पिढ्यामागून पिढ्या रोगाचा तोच नमुना दिसत होता. वय कमी, आतड्याची बहुधा उजवी बाजू, आणि बायकांत जोडीला गर्भाशयाचा कर्करोग.

बीज आणि माती यांचे दावे एकमेकांविरुद्ध न लढविता वेगवेगळे मोजावयाचे असतात, हे शेतकी शास्त्राला तोवर पुरते उमगले होते, आणि त्यातील काही काम इंदुरातच झाले होते. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे कापसाच्या संशोधनासाठी संस्था उभारली. पुढील दशकात जोसेफ हचिन्सन आणि विनायक गोविंद पानसे यांनी तेथे कापसाच्या वाणांवर काम केले. शेतात दोन झाडांत दिसणारा फरक किती बियाण्याचा आणि किती जमिनीचा, हे मोजण्याच्या रीती पानसे यांनी पुढे संख्याशास्त्रात नावारूपाला आणल्या. झाड पाहून नुसत्या डोळ्यांनी हा निवाडा करता येत नाही, हा त्यांतील धडा होय. कर्करोगाच्या गाठीबाबतही तेच खरे आहे.

हा निवाडा पेशीत कसा लागतो, हे कळण्याची किल्ली १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी मुलांच्या डोळ्यांच्या एका कर्करोगावरून दिली. प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही बिघडल्या की लगाम सुटतो. एकांड्या कर्करोगात हे दोन्ही बिघाड आयुष्याच्या ओघात, एकाच पेशीत, एकामागून एक घडावे लागतात. त्याला बहुधा उतारवय उजाडते. आनुवंशिक प्रकारात पहिला बिघाड जन्मतःच शरीरातील प्रत्येक पेशीत असतो. कोठेही दुसरा घडण्याचा अवकाश असतो. म्हणून हा रोग लवकर येतो, एकाच माणसात दोन-दोन ठिकाणी येतो, आणि आतड्याखेरीज अन्य अवयवही धरतो.

शेकडो पॉलिप उगवणाऱ्या विकाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर १९९१ साली सापडले. त्यातील कौतुकाची गोष्ट अशी की, एकांड्या कर्करोगातही बहुधा याच जनुकाचा बिघाड आधी घडतो. वारसा आणि दैव या दोन वाटा एकाच दारातून आत शिरतात, आणि तेथून पुढे साध्या गाठीचा कर्करोग होईपर्यंत सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. लिंच यांच्या घराण्यांतील दोष निराळा निघाला. १९९३ साली फिनलंड व अमेरिकेतील संशोधकांनी तो दुसऱ्या गुणसूत्रावर शोधला. पेशी दुभंगताना सुमारे ३ अब्ज अक्षरांचा मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो, आणि नकलेत चुका होतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत जसा मुद्रितशोधक, तशी या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते. लिंच घराण्यांत हा मुद्रितशोधकच अधू असतो. मग चुकांची रास साचते आणि साध्या गाठीचा कर्करोग दहाऐवजी दोनतीन वर्षांतही होऊ शकतो. ‘जी’ घराण्यातील नेमका दोष २००० साली उकलला. त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या उद्गाराला तेव्हा १०५ वर्षे झाली होती.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. मुद्रितशोधक नसल्याची खूण मोठ्या आतड्याच्या १०० गाठींपैकी सुमारे १५ गाठींत सापडते, परंतु त्यांपैकी जेमतेम ३ आनुवंशिक असतात. बाकीच्या १२ बहुधा वयस्क माणसांच्या असतात. त्यांत जनुकाचे अक्षर बिघडलेले नसते. वयोमानाने त्यावर जणू शाईचा डाग पडून ते वाचता येईनासे होते. हा डाग मुलाबाळांकडे जात नाही. दोन्ही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या दिसतात, पण एकीचा निरोप साऱ्या घराला लागू असतो आणि दुसरीचा फक्त त्या रुग्णापुरता. म्हणून गाठीच्या आणखी तपासण्या आणि रक्ताची जनुक-तपासणी केल्याशिवाय निर्णय देऊ नये, असा आजचा दंडक आहे. शिवाय पॉलिपांच्या विकारात सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत दोष नव्यानेच उपजलेला असतो. त्यांच्या मागे इतिहास नसतो, परंतु पुढे मुलांना वारसा मात्र असू शकतो.

हा भेद ओळखण्याने काय साधते, याचा निर्वाळा फिनलंडमधील एका अभ्यासाने २००० साली दिला. लिंच घराण्यांतील २५२ निरोगी माणसांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांनी दर तीन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेतली आणि सापडलेली गाठ तेथल्या तेथे काढून टाकली, त्यांच्यात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. त्या रोगाने त्यांच्यातील एकही दगावला नाही. तपासणी न केलेल्यांत ९ दगावले. आता अशा घराण्यांत दोष असलेल्या व्यक्तीची तपासणी साधारण पंचविशीपासून, बहुधा दर एक ते दोन वर्षांनी केली जाते. पॉलिपांच्या विकारात ती किशोरवयात सुरू होते आणि योग्य वेळी आतडे काढून संकट टाळता येते. ज्यांच्या तपासणीत दोष निघत नाही त्यांचा लाभही लहान नाही. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा निम्मी मुले या भयातून कायमची मोकळी होतात. उपचारांतही फरक पडला आहे. मुद्रितशोधक नसलेल्या गाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला सहज परक्या वाटतात, आणि तिला मोकळे सोडणारी औषधे या गाठींवर विशेष गुणकारी ठरल्याचे २०१५ पासून दिसून आले आहे.

एकांड्या रोगाची गोष्ट निराळी. त्यात घराण्याचा आधार नसल्यामुळे वय हीच खूण. पाश्चात्त्य देशांत पंचेचाळिशी किंवा पन्नाशीनंतर सर्वांचीच शौचातील सूक्ष्म रक्ताची किंवा दुर्बिणीची तपासणी होते. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याच्या कर्करोगाची नाही. येथील कमी प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे रुग्णाची आणि घरच्यांची जागरूकता अधिक मोलाची ठरते. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याध, असे घरीच ठरवून महिनोन्‌महिने मलमे आणि काढे चालविण्याची रीत सर्वत्र आहे. चरकांनी ज्या जागेच्या विकाराची दोन मुळे सांगितली, त्याच जागेच्या दोन भिन्न विकारांची येथे गल्लत होते, आणि तीत कित्येकांची बरे होण्याची वेळ निघून जाते. रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल आणि उगाच आलेला पांडुरोग, यांतील काहीही दिसले तर वय कितीही असो, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली पाहिजे.

राहता राहिला घराण्याचा प्रश्न, आणि तो वैद्यकाइतकाच समाजाचा आहे. घरात कर्करोग होता हे सांगितल्यास मुलीचे लग्न अडेल, या भीतीने किती दुखणी ‘पोटाचा विकार’ या मोघम नावाखाली दडविली जातात, हे प्रत्येकाला आपल्या गावावरून ठाऊक असेल. ही भीती निराधार आहे असेही म्हणता येत नाही. वॉर्थिन यांच्या काळी सदोष मानलेल्या घराण्यांचा वंश वाढूच नये असे सांगणारी एक विचारसरणी अमेरिकेत बोकाळली होती, आणि खुद्द वॉर्थिनही तिच्या पगड्यापासून मुक्त नव्हते. वंशाच्या ज्ञानाचा उपयोग माणसाला नाकारण्यासाठी होतो तेव्हा कुटुंबे गप्प बसतात. त्या मौनाची किंमत मात्र पुढच्या पिढीला द्यावी लागते.

आता ते ज्ञान तारण्यासाठी वापरता येते. १९९० साली ॲमस्टरडॅम येथे तज्ज्ञांनी एक सोपा ठोकताळा घालून दिला. जवळच्या नात्यातील तीन माणसांना हा रोग झालेला, ती लागोपाठच्या दोन पिढ्यांतील, आणि त्यांपैकी निदान एकाला पन्नाशीपूर्वी झालेला, अशी स्थिती असेल तर वारशाचा संशय धरावा. पुढे या हिशेबात गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगासारखे संबंधित रोगही धरले जाऊ लागले. लहान कुटुंबांत तीन माणसे भरतीलच असे नाही, म्हणून एखाद्याला फार लवकरच्या वयात रोग झाला असल्यास तेवढ्यावरूनही चौकशी केली जाते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेबाबत सल्ला आणि तपासणी यांची सोय आहे. पण तेथे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो जनुकाचा नसून नात्यांचा असतो. कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, आणि आईच्या बाजूला की वडिलांच्या?

या प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरांत आजही एखाद्या आत्याला, मावशीला किंवा आजीला तोंडपाठ असतात. ती कुलवृत्तांतात छापलेली नसतात. सासरी गेलेल्या मुलींच्या शाखा, दत्तक गेलेल्या मुलाचे जन्माचे घर आणि प्रत्येकाच्या अखेरच्या दुखण्याचे खरे नाव, एवढ्या तीन गोष्टी तीन पिढ्यांपुरत्या एका वहीत उतरवून ठेवल्या, तर बहुतेक कुटुंबांना आपल्याकडे असा वारसा नाही हे समाधान लाभेल, आणि ज्या थोड्या कुटुंबांत तो असेल तेथील तरुण मुलामुलींना वेळीच तपासणीसाठी नेता येईल. हे टिपून घेण्याचे काम त्या आत्या, मावश्या आणि आज्या हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे.